आजचं आज लिही

बेटा,

परवा तू ओट्यावर बसून म्हणालीस, "काका, आपल्याकडे घडतंच काय? काही सुचतच नाही." तुझे डोळे भरून आले होते, म्हणून गप्प बसलो. पण ते मनातून जाईना. आता लिहितो, आणि थोडा रागानेच लिहितो.

सुचायचं काय त्यात? दिसतं, ऐकू येतं, तू उतरवून घेत नाहीस. जे दिसलं ते त्याच दिवशी कागदावर गेलं पाहिजे. आजचं आज.

एकतीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो, त्यातली बरीच चोपडा-जळगाव गाडीवर. एका मे महिन्यात अडावदला एक म्हातारी चढली. मांडीवर स्टीलचा डबा, वर हिरवं फडकं बांधलेलं. आत लेकीसाठी बिबड्या, ज्वारीचे पापड. गाडी खड्ड्यात आदळली की ती डबा उचलून अधांतरी धरायची, बिबड्या मोडू नयेत म्हणून. तापीचा पूल आला तसा तिने एक हात कपाळाला लावला आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "पोरले सासर शे, पन..."

पुढे जे बोलली, त्याने माझा हात पंचावरच थांबला. तसं वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि आज मला ते आठवत नाही. फडक्याचा रंग आठवतो, वाक्य गेलं.

त्या दिवशीच्या वेबिलात टप्पे, तिकिटांचे नंबर, पैसे, सगळं बिनचूक असणार. हिशोबात मी कधी रुपया चुकलो नाही. खिशात पेन होतं, वेबिलाची मागची बाजू कोरी होती. म्हटलं, रिटायर झाल्यावर निवांत लिहू.

पहाटेची ड्युटी असायची, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. मी आळशी नव्हतो, एवढं तुला माहीत असावं. तरी दोन ओळींना किती वेळ लागतो? मुक्कामाच्या गाडीच्या टपावर पडून रात्र रात्र चांदण्या बघायचो. वेळ होता, बेटा.

रिटायर झाल्यापासून रोज लिहितो, अंगात ताप असला तरी. म्हातारीचं वाक्य किती वेळा लिहून बघितलं. दर वेळी ते माझं होतं, तिचं होत नाही.

बहिणाबाईंचं बघ. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी येत गेली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती ऐकून उतरवली, म्हणून राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. पण जी उतरवायची राहिली असतील, ती? त्या दळणाच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या, गाणं वाऱ्यावर गेलं.

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. दैनिक म्हणजे रोज. आज सुचलं नाही, उद्या बघू, असं त्याला चालत नाही.

पुण्याला जायचं तर खुशाल जा, शिक्षणासाठी जा. विषय मिळतील म्हणून जाऊ नको. गेल्या आठवड्यात तुमच्या मळ्यात भरिताची वांगी भाजत होती, आठवतं? कपाशीच्या काड्या पेटवताना तुझे बाबा म्हणाले, "यंदा जाळायला काड्या भरपूर, विकायला कापूस नाही." बोंडं सडली त्यांची. धुरातून मी त्यांचा चेहरा बघितला. तू तिथेच उभी होतीस, मोबाईलमध्ये डोकं घालून. लिहिलंस ते? मी त्याच रात्री लिहिलं, पण ते तुझ्या वहीत हवं होतं. आता त्यांना पुन्हा विचारू नकोस. माणूस दुसऱ्यांदा तसं बोलत नाही.

खिशात मावेल अशी लहान वही घे. चांगलं झालं की वाईट, ते बघत बसू नको. कुणी अहिराणीत बोललं तर अहिराणीतच लिही, सुधारून पुस्तकी करशील तर माझ्याशी गाठ आहे.

रविवारी ये. काकू कळण्याच्या भाकरी करणार आहे. वही आण. मी एक ओळ वाचणार नाही, फक्त तारखा बघीन.

तुझा,
काका