जुना रंग किती काढायचा? वाचकांचे प्रश्न

सहा वर्षांच्या गाडीच्या दाराला दुचाकी घासली. हातभर ओरखडा आणि वाटीएवढा पोचा आहे. गॅरेजवाला म्हणतो, अख्खं दार पत्र्यापर्यंत साफ करावं लागेल. खरंच लागेल का? (पुणे)

नाही लागणार. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या दीड-दोन कागदांएवढी. त्यात सगळ्यात खालचा थर ईडी कोटचा, जेमतेम 20 मायक्रॉन. बॉडी टाकीत बुडवून, वीज सोडून चढवलेला आणि भट्टीत भाजलेला. गंजाला खरा तोच अडवतो, आणि तो कुठल्याच गॅरेजला पुन्हा चढवता येत नाही. माझ्याही नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच्या खाली जस्ताचा पातळ मुलामा असतो, तोही ग्राइंडरखाली गेला की गेला.

पोचा आहे तेवढ्या जागी मात्र पत्रा उघडा कराच. लांबी (खड्डा भरायची पुट्टी) रंगावर भरली तर ती रंगाला धरते, पत्र्याला नाही. रंग सुटला की लांबीही पापुद्र्यासारखी निघते. तेवढी जागा 80 नंबरच्या सँडपेपरने उघडी करायची आणि मग 180, 320 असा बारीक पेपर घेत रंगाची कड बाहेर उतरवत न्यायची. नीट उतरवलेली कड कापलेल्या कांद्यासारखी दिसते: पत्रा, प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) अशी एकात एक वलयं. डोळे मिटून बोट फिरवा. पायरी लागली तर ती पायरी नव्या रंगातूनही दिसणार, आज नाही तर दोन महिन्यांनी. बाकीच्या दाराचा रंग घट्ट असेल तर त्याला फक्त पेपर मारून खरखरीत केलं की पुरे.

मग गॅरेजवाला तसं का म्हणतो? ग्राइंडरला जाड चकती लावली की दहा मिनिटांत दार चकाकतं आणि गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. पण आजचा पत्रा 0.7 मिमीच्या आसपास असतो. चकती एकाच जागी रेंगाळली की पत्रा तापून फुगतो, मग दाबला की डब्याच्या झाकणासारखा डबडब वाजतो. पोच्यापेक्षा ते दुखणं मोठं.

वडिलांची 1986 ची पद्मिनी नव्याने रंगवायची आहे. आधी तीन-चारदा रंगवली आहे. पेंट रिमूव्हर वापरू की सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून घेऊ? (सांगली)

तुमच्या बाबतीत सगळा रंग काढणंच बरं. चार वेळच्या रंगांपैकी एखादा जुना लॅकर, म्हणजे थिनरने पुन्हा विरघळणारा रंग, असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यावर आजचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारला की सुरकुत्या पडतात. खात्री करायची तर थिनरमध्ये भिजवलेलं फडकं रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ पडला किंवा फडक्याला उतरला तर तो नव्या रंगाखाली राहू देऊ नका. चाकांच्या वरच्या भागावर चुंबकही फिरवून बघा. जिथे चुंबक धरत नाही तिथे आत बोटभर लांबी निघेल, तेव्हा मन घट्ट करून ठेवा.

बॉनेट आणि टप (छत) यांना सँडब्लास्टिंग नको, सपाट पत्रा लाटांसारखा होतो. शिवाय वाळूची धूळ फुप्फुसात कायमची बसते. चॅसिसच्या जाड भागांना ते ठीक, पण धुळीचा बंदोबस्त असलेल्या ठिकाणीच.

रिमूव्हर घेताना डबा वाचा. मेथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलं असेल तर बंद शेडमध्ये तो डबा उघडायचाच नाही. त्याची वाफ शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत 2019 पासून रंग काढायला हे सामान्य ग्राहकाला विकायला बंदी आहे. एन-95 मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. शक्यतो हे रसायन नसलेला रिमूव्हर घ्या. वेळ जास्त लागेल, लागू द्या. जाड थर एकाच दिशेने लावा, वरून प्लास्टिक पसरा, रंग फुगला की पत्तीने ओढा. पत्र्याच्या जोडांपासून बोटभर लांब राहा आणि तेवढा पट्टा हाताने घासा. जोडात शिरलेला रिमूव्हर महिन्याभराने बाहेर झिरपतो आणि नवा रंग उचलतो. माझ्या उमेदवारीच्या काळात असं एक काम मी दोनदा रंगवलंय, दुसऱ्यांदा पदरमोड करून.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासलात तर घरातल्या लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

बंपरचा रंगही रिमूव्हरनेच काढायचा का? (नाशिक)

अजिबात नाही. प्लास्टिक मऊ पडून वितळतं. पेपरनेच घासा, उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर मारा.

दार पत्र्यापर्यंत साफ केलं आणि पाऊस लागला. चार दिवस तसंच राहिलं, आता तांबूस छटा आलीय. वरून रेड ऑक्साइड मारलं तर चालेल? (रत्नागिरी)

चालणार नाही. ती छटा गंजच आहे, झाकला तरी आत वाढत राहील, आणि खाऱ्या हवेत तर झपाट्याने. 80 किंवा 120 च्या पेपरने पुन्हा कोरडं घासून पत्रा पांढरा करा, डीग्रीझरने (तेलकटपणा काढायच्या द्रावणाने) पुसा, मग उघड्या हाताने शिवू नका. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. गंज काढायचं आम्ल वापरलंत तर ते डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन, पत्रा पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी, नाहीतर तो धरणार नाही. लांबी भरल्यावर ती पाण्याने घासू नका, ती पाणी पिते. आणि पावसाळ्यात सकाळी आठला दार उघडं करायला घेऊ नका. हवेतला दमटपणा जरा उतरला की अकरा-बाराला सुरुवात करा, म्हणजे संध्याकाळच्या आत प्रायमर बसतो.