शेजारी कुत्र्याच्या भुंकण्याची तक्रार करतात, काय करू?

"आमचा तर भुंकतच नाही" असं म्हणू नका. तुम्ही घरात नसताना तो काय करतो ते शेजाऱ्यांनाच माहीत. नेमका कधी भुंकतो ते त्यांना विचारा आणि बाहेर जाताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून ठेवा. कुलूप लागताच रडका आवाज, दार ओरबाडणं सुरू झालं, तर बहुधा एकटेपणाची भीती आहे. मग मिनिटा-दोन मिनिटांपासून हळूहळू सवय लावावी लागते, वेळ लागतो. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकत असेल तर मामला सोपा: पडदा ओढा, त्याची गादी दारापासून लांब हलवा. त्याच्यावर ओरडू नका, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय! शॉकचा पट्टा तर नकोच, भीती आणखी वाढते. म्हातारपणी अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्य. उपाय चालू आहेत हे शेजाऱ्यांना मात्र सांगत राहा.