डिस्टोपियन कादंबऱ्यांत ‘मी’ चांगला आणि ‘आम्ही’ वाईट, एवढंच असतं का?

तुम्ही विचारलंय: एम.ए.च्या निबंधासाठी झाम्यातिन, हक्सली, ऑर्वेल आणि आयन रँड यांच्या डिस्टोपियन, म्हणजे भयंकर समाज कल्पून लिहिलेल्या, कादंबऱ्या वाचल्या, आणि चौघेही ‘व्यक्ती चांगली, समूह वाईट’ असंच सांगतात असं वाटलं. मग वीस पानं लिहायची कशावर?

चौघांपैकी असं सरळ सांगते ती फक्त रँड. बाकीच्या तिघांच्या कादंबऱ्यांत सत्ता माणसाच्या ‘मी’वर हात टाकते, तसाच माणसामाणसांतल्या जिव्हाळ्यावरही टाकते, आणि तिथे समूह नावाला उरतो. हा फरक पकडायला मराठी वाचकाकडे इंग्रजी वाचकाकडे नसलेलं एक साधन आहे. त्यांच्या एका ‘वुई’साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो.

सुरुवात झाम्यातिनपासून करा. या रशियन लेखकाची ‘वुई’ १९२०-२१ची. इंग्रजीत ती १९२४ला न्यूयॉर्कमध्ये आली. सोव्हिएत संघात छापून यायला १९८८ उजाडलं. निवेदक डी-५०३ हा ‘इंटिग्रल’ नावाच्या अंतराळयानाचा अभियंता, आणि कादंबरी म्हणजे त्याची वही. घरं काचेची, पडदे ओढायला गुलाबी चिठ्ठी लागते, आणि दिवसातले दोनच तास स्वतःचे: १६ ते १७ आणि २१ ते २२. पहिल्याच नोंदीत तो म्हणतो की मला जे दिसतं, जे वाटतं ते लिहीन. आणि लगेच दुरुस्ती करतो की मला नव्हे, ‘वुई’ला जे वाटतं ते. इथे मराठीत काय लिहाल? यान परग्रहावर जाणार आहे आणि वही तिथल्या अनोळखी वाचकांसाठी आहे, म्हणजे ‘आम्ही’. पण यान पाठवण्याचा उद्देशच त्या परक्यांना या राज्याच्या शिस्तीत आणण्याचा आहे, म्हणजे त्यांचंही ‘आपण’ करून टाकायचं. समोरच्याची परवानगी न घेता ‘आम्ही’चं ‘आपण’ करणं ही त्या राज्याची मुख्य खोड आहे. निबंधाचं पहिलं प्रकरण इथेच सापडतं.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. कादंबरीत ४० नोंदी आहेत. सगळ्या नकोत; पहिल्या पाच, मधल्या पाच आणि शेवटची नोंद घ्या, आणि ‘आय’ व ‘वुई’ वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. प्रत्येकाशेजारी समासात क्रियापद लिहा. ही पायरी गाळू नका, कारण नुसती सर्वनामं मोजली की फसगत होते. शेवटच्या नोंदीत डी-५०३ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रिया करून काढलेली आहे, तरी व्याकरणातला ‘मी’ शाबूत आहे. तो शांतपणे लिहितो की मला खात्री आहे, आपण जिंकू. समोर आय-३३०चे, म्हणजे तो जिच्या प्रेमात पडला होता त्या बंडखोर बाईचे, हाल चाललेत आणि या ‘मी’ला काहीच वाटत नाही. जिवंत होता तेव्हा हाच ‘मी’ घाबरत होता, मत्सर करत होता, स्वप्नं पडतात म्हणून डॉक्टरकडे गेला होता, आणि डॉक्टरने निदान केलं होतं की तुमच्यात आत्मा तयार झालाय. फरक क्रियापदांत दिसतो.

उतारे मराठीत आणताना एक अडचण येईल. आपण कर्ता सर्रास गाळतो, आणि ‘रोज लिहितो’ यात एक पुरुष आहे की दहा माणसं हे कळत नाही. ‘वही लिहिली’मध्ये तर एक की अनेक, बाई की पुरुष, काहीच कळत नाही. म्हणून या विषयावरच्या उताऱ्यांत, कानाला जड वाटलं तरी, सर्वनाम प्रत्येक वेळी लिहा.

रँडच्या बाबतीत मराठी वेगळाच दगा देते. ती १९२६मध्ये रशियातून अमेरिकेला गेली, ‘अँथम’ १९३८ची. नायक इक्वॅलिटी ७-२५२१ एकटाच असूनही स्वतःला ‘वुई’ म्हणतो, कारण त्या समाजात ‘आय’ हा शब्दच उरलेला नाही. इंग्रजी वाचकाला पहिल्याच पानावर धक्का बसतो. मराठीत मात्र ‘आम्ही ठरवलं आहे’ म्हटलं की राजेसाहेब किंवा घरातले करारी आजोबा बोलताहेत असं वाटतं. पिचलेला माणूस एकदम रुबाबदार होतो. हे निबंधात जरूर मांडा, कारण त्यातून कळतं की बहुवचन आपोआप समूहवादी होत नाही.

आणि त्याच पुस्तकातला एक प्रसंग बारकाईने वाचा. जंगलात नायकाची प्रेयसी त्याला म्हणते, ‘आम्ही तुमच्यावर प्रेम करतो’, आणि थांबते. काहीतरी चुकलंय हे तिला कळतं, पण शब्द सापडत नाही. माझ्या मते पुस्तकातली ही सर्वांत खरी जागा आहे. ‘मी’ची गरज भासते ती दुसऱ्या माणसाला काही सांगायचं असतं तेव्हा. शेवटी अहंचा जयजयकार करताना रँड हे मागे टाकते. तुम्ही टाकू नका.

ऑर्वेलवर सर्वांत जास्त चुका होतात. ‘माणूस व्यक्ती असणं सोडतो तेव्हाच त्याला सत्ता मिळते’ या अर्थाचं, ‘नाइन्टीन एटी-फोर’मधल्या ओब्रायनचं बोलणं समूहवादाची व्याख्या म्हणून दिलं जातं. ते छळ करणाऱ्याच्या तोंडचं आहे. १९४६च्या ‘व्हाय आय राइट’ या लेखात ऑर्वेलने स्पष्ट लिहिलंय की १९३६पासूनचं आपलं गंभीर लेखन सर्वंकष सत्तेविरुद्ध आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूने आहे. कादंबरीत एक बंदी असलेलं पुस्तक येतं; त्याच्या नावात कलेक्टिव्हिझमच्या (समूहवादाच्या) आधी ‘ऑलिगार्किकल’ (मूठभरांच्या सत्तेचा) हे विशेषण आहे, त्याखाली रेघ मारा. सत्ताधारी पक्षाचं आतलं वर्तुळ लोकसंख्येच्या २ टक्क्यांहूनही कमी, प्रोल, म्हणजे सामान्य कष्टकरी, ८५ टक्के. मूठभरांची मालकी, तिला नाव सगळ्यांचं. उलट नायक विन्स्टनला प्रोल हेवा वाटावे असे दिसतात, कारण त्यांची निष्ठा अजून एकमेकांवर आहे.

विन्स्टनचा शेजारी पार्सन्स याचं उदाहरण घ्या. त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून झोपेतलं त्याचं बरळणं ऐकते आणि त्याला पकडून देते. कोठडीत तो तिचं कौतुक करतो. पक्षाने कुटुंब मोडलेलं नाही, घराच्या आत हेर बसवलाय. आणि खोली १०१पर्यंत, म्हणजे छळाच्या शेवटच्या खोलीपर्यंत, विन्स्टनने सगळं कबूल करून झालेलं असतं. त्याने फक्त प्रेयसी ज्युलियाला मनातून सोडलेलं नसतं. शेवटी तेच काढून घेतात. शिकार नुसत्या ‘मी’ची असती तर कबुलीवर भागलं असतं.

हक्सलीवर (१९३२) दोन परिच्छेद पुरेत: बारा-बारा जणांच्या ‘एकोप्याच्या’ बैठका, आणि त्या गर्दीत एकटाच पडलेला बर्नार्ड हे पात्र.

पाचवं पुस्तक घेता आलं तर अर्सुला ली ग्विनची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) घ्या, नाहीतर निबंध एकाच बाजूला कलेल. अनारेस या ग्रहावर ना राज्य, ना मालमत्ता. तिथल्या भाषेत मालकीची सर्वनामं टाळतात; लहान मुलगी बापाला ‘माझा रुमाल घे’ न म्हणता ‘मी वापरते त्या रुमालात वाटा घे’ असं म्हणते, आणि ते ऐकायला गोड वाटतं. पण त्याच समाजात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मताचा धाक नायक शेवेक या शास्त्रज्ञाचं संशोधन अडवतो. पोलीस नसतानाही समूह माणसाला चिरडू शकतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी संविधानाच्या मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलं, त्यामागे हाच अनुभव होता. तरीही शेवेक एकटा पळून जात नाही. मित्रांना घेऊन नवा गट उभा करतो.

शेवटचं प्रकरण नायकांवर संपवू नका. ‘वुई’मधल्या ओ-९०वर संपवा. मातृत्वासाठी ठरवलेल्या उंचीपेक्षा ती दहा सेंटिमीटर बुटकी, म्हणून तिला मूल होऊ द्यायची परवानगी नाही. ती तरीही डी-५०३कडून ते मागून घेते. तिला हिरव्या भिंतीपलीकडे, म्हणजे त्या राज्याच्या सीमेबाहेर, नेण्याची व्यवस्था आय-३३० करते, म्हणजे तिची प्रतिस्पर्धीच. डी-५०३ची शस्त्रक्रिया होते तेव्हा ओ-९० पोटातल्या बाळासह भिंतीच्या पलीकडे असते.