एकदा वाचून झालेलं पुस्तक पुन्हा वाचण्यात कसली मजा?

वाचायची राहिलेली पुस्तकं ढिगानं पडलेली असताना वाचून झालेलंच पुन्हा हातात घेणं म्हणजे वेळेची नासाडी नाही का, आणि शेवट माहीत असताना त्यात गोडी ती काय उरते, असं तुम्ही विचारलंय.

शेवट माहीत असतो म्हणूनच गोडी येते, असं माझं मत. मी सांगलीचा, आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाचं पुढं काय होतं हे माहीत नसलेला माणूस आमच्या आजोबांच्या काळात शोधूनही सापडला नसता. तरी लोक तिकीट काढून जायचे, पदाला वन्समोअर द्यायचे आणि घरी येताना आजचा भुजंगनाथ जमला की पडला यावर हुज्जत घालायचे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाचं तर बोलायलाच नको. नऊ हजार ओव्या गेल्याच वर्षी वाचून झाल्यात की, मग यंदा कशाला, असं आमच्या आजीला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. कादंबरी म्हटलं की मात्र आपण एकदम हिशेबी होतो.

पहिल्या वाचनात मी तरी अधाशासारखा वाचतो. पुढं काय, पुढं काय, म्हणत पानंच्या पानं मागं पडतात आणि लेखकानं जीव ओतून लिहिलेला परिच्छेद आडवा आला की चक्क राग येतो. ती घाई एकदा संपली की मग खरं वाचन सुरू होतं.

‘बनगरवाडी’चं सांगतो. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि पुस्तक १९५५चं. धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर येतो, शाळा सुरू होते, सगळे मिळून तालीम बांधतात, मग पाऊस दगा देतो आणि वाडी उठते. शाळेत असताना वाचलं तेव्हा त्या तालमीचं मला काही विशेष वाटलं नव्हतं. गावाला तालीम हवी, बांधली, झालं. पुढं कधीतरी औंधला भवानी संग्रहालय बघायला गेलो. तिथं कळलं की औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे केवढे भोक्ते होते, आणि आटपाडीचा मुलूखही त्यांच्याच संस्थानातला. घरी आल्यावर पुस्तक काढलं. तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब वाडीवर येतात तो भाग आता निराळाच लागला. व्यायामाचं वेड असलेला राजा आणि त्याच्या राज्याच्या पार कडेला पडलेली वाडी, असं सगळं एका धाग्यात आलं. लेखकानं ते कुठंही समजावून सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

मधल्या काळात आटपाडीकडंही पाणी आलं. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडीच्या माळावर चढवलंय. डाळिंबाच्या बागा बघत त्या रस्त्यानं जाऊन आल्यावर वाडी उठण्याची ती शेवटची पानं पुन्हा वाचा, घशात काहीतरी अडकतं. आणि वाडीचा तो कारभारी! लहानपणी तो मला नुसता एक खडूस म्हातारा वाटायचा. आता मास्तर पोरगेलासा वाटतो, आणि माझं सगळं लक्ष कारभाऱ्याकडंच.

सगळीच पुस्तकं असा मान राखत नाहीत. विशीत जिची पल्लेदार वाक्यं वहीत उतरवून घेतली होती अशी एक फार गाजलेली कादंबरी मध्यंतरी पुन्हा वाचायला घेतली. तीस पानांत हात टेकले. प्रत्येक पात्र सुविचार बोलतंय! नाव सांगत नाही, तिचे चाहते अजून गावोगाव आहेत. रहस्यकथांचंही तसंच, खुनी कोण ते कळलं की कित्येकींचा जीवच जातो. ज्या थोड्या टिकतात त्यांत मात्र लेखकानं पहिल्याच प्रकरणात आपल्या नाकासमोर पुरावा कसा ठेवला होता ते दिसतं, आणि ती चोरी पकडण्यात भलतीच मजा आहे.

२०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. पुस्तकं भिजली की फुगतात. कपाटात ती इतकी घट्ट बसली होती की एकही बाहेर ओढता येईना. शेवटी फळ्या ठोकून काढाव्या लागल्या. गुळगुळीत कागदाची तर पानं चिकटून विटा झाल्या होत्या. नंतर थोडे थोडे पैसे जमतील तशी पुस्तकं परत घ्यायला लागलो आणि एक गंमत लक्षात आली. जी परत घ्यावीशी वाटली ती सगळी पुन्हापुन्हा वाचलेलीच होती. एकदा वाचून नीट मांडून ठेवलेल्यांची आठवणसुद्धा झाली नाही, काहींची तर नावंही विसरलो. नव्या प्रतींची सवय व्हायला वेळ लागला हेही खरं. एखादं वाक्य डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात असल्याचं पक्कं डोक्यात असतं, आणि नव्या छपाईत ते भलतीकडंच निघतं.

आणखी एक साधं कारण आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. हंगामात सौदे, वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांतून मान वर काढायला फुरसत नसते. अशा दिवसांत नवी कादंबरी पेलत नाही. कोण कुणाचा मामा हे लक्षात ठेवायलाच डोकं उरत नाही. जुनं पुस्तक मात्र कुठूनही उघडा, दहा पानं वाचा, झोपा. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर त्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. चैत्रापासून महिनेवार लेख आहेत, म्हणून जो महिना चालू असेल तेवढाच काढून वाचतो आणि मिटतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर दहाबारा वर्षांपूर्वी आवडलेलं एखादं पुस्तक काढा. पहिल्या पानापासून लागू नका, जो प्रसंग सगळ्यांत नीट आठवतोय तोच आधी काढा. बहुतेक तो तुम्हाला आठवतोय तसा तिथं नसेलच. मग मागंपुढं वाचत सुटाल. वीस पानांत काहीच हाती लागलं नाही तर खुशाल ठेवून द्या, तुमचा ढीग आहेच.