क्रौंच काढायचाय, बगळा नाही

तुझं टॅटूसाठीचं स्केच पाहिलं. हात चांगला आहे, पण उडताना मान दुमडलीस आणि तिथेच त्याचा बगळा झाला. क्रौंच मान सरळ ताणून उडतो. आणि ती काळी शेपटी? लाल डोक्याच्या जपानी क्रौंचाची शेपटी पांढरीच असते. मिटलेल्या पंखांची काळी पिसं तिच्यावर पडतात, म्हणून भलेभले फसतात. पंख उघडे दाखवणार असशील तर काळं अंगालगतच्या मागच्या पिसांना दे, टोकं पांढरी ठेव.

अर्थ गिऱ्हाईक विचारतंच: जपानी समजुतीत हा हजार वर्षं जगतो, म्हणून दीर्घायुष्य, जोडी असेल तर निष्ठा.

ब्लॅक अँड ग्रेमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या टॅटूत, पांढरं म्हणजे कोरी त्वचा. अंग शेड करत बसू नकोस, पार्श्वभूमी गडद कर, पक्षी आपोआप उठतो. ग्रे वॉश (पातळ केलेली काळी शाई) फिक्यापासून चढव. चढवलेला उतरवता येत नाही. पांढऱ्या शाईवर भिस्त नको, पुढे पिवळट पडते. माझ्या पहिल्या क्रौंचाचं मी पीस न् पीस कोरलं होतं (केवढा अभिमान!), काही वर्षांत पंखाचा राखाडी ढग झाला. लाल टोपी मात्र मधल्या करड्यात ठेव, मान आधीच काळी आहे.