एक्स-रेतला काळा डाग म्हणजे कीडच का? तुमचे प्रश्न

प्रश्न : काहीच दुखत नाहीये, आरशात दाढा एकदम स्वच्छ दिसतात, तरी डॉक्टर म्हणतात दोन दाढांच्या मधे कीड आहे. एक्स-रेत दाखवली पण. खरं मानू का?

माना, फक्त एक्स-रे कुठला होता तेवढं विचारून घ्या. दाढा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे ना आरसा पोचतो ना आमचं अवजार, आणि किडीला नेमकी तीच जागा आवडते. त्यासाठी बाईटविंग असतो, तोंडात चावून धरायचा. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच, क्षारांनी खच्चून भरलेलं म्हणून फोटोत पांढरं दिसतं, कीड क्षार विरघळवते, मग किरण तिथून जास्त आरपार जातात आणि दाताच्या कडेला छोटा काळपट त्रिकोण उमटतो, टोक आतल्या बाजूला. आणि इनॅमलला नसच नाही, दुखणार कुठून? दुखायला लागतं तोवर कीड बरीच आत गेलेली असते.

प्रश्न : एकच एक्स-रे दोघांना दाखवला. एक म्हणाले लगेच फिलिंग करा, दुसरे म्हणाले थांबून बघू. कोण बरोबर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगू का, फोटोवरून आम्हा डेंटिस्ट लोकांचंही पटकन एकमत होत नाही. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. साधारण ३० ते ४० टक्के क्षार गेल्याशिवाय ती दिसतच नाही, म्हणजे कीड फोटोत दिसते त्यापेक्षा थोडी पुढेच असते. उलटं पण होतं, दाताच्या मानेपाशी दात निमुळता असतो तिथे कीड नसतानाही काळं दिसतं, कोन चुकला की शेजारचे दात एकमेकांवर चढतात आणि त्यातून काहीही वाचता येतं. डाग फक्त इनॅमलमधे असेल तर खड्डा बहुतेक वेळा पडलेला नसतो, फ्लोराईड आणि रोजच्या फ्लॉसने (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) तो तिथेच थांबू शकतो, ड्रिल मारलं की मात्र दात परत मिळत नाही. डेंटिनमधे, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थरात, खोल शिरला असेल तर मीही फिलिंगच सांगेन. पण कीड चालू आहे की थांबलेली हे एका फोटोत कळत नाही हो, त्यासाठी जुना फोटो शेजारी ठेवावा लागतो. म्हणून मूळ फाईल मागून जपून ठेवा, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका, त्यातले बारीक करडे फरक सगळे उडालेले असतात.

प्रश्न : सॉफ्टवेअरने चार दातांवर लाल चौकोन काढलेत. चारही भरायचे?

नाही नाही. ते एआय हजारो फोटो बघून शिकलेलं असतं, थकत नाही, आणि आमच्या नजरेतून निसटलेलं कधीकधी पकडतं, पण मगाशी सांगितलेल्या मानेजवळच्या सावलीलाही ते फसू शकतं. चौकोन म्हणजे 'इथे नीट बघा'. बघायचं काम डॉक्टरांचं, दात सुकवून, उजेड टाकून.

प्रश्न : सारखे एक्स-रे काढून रेडिएशनचा त्रास नाही का?

१८९६ मधे जर्मनीच्या ऑटो वाल्कहॉफने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला तेव्हा २५ मिनिटं किरण घेतले होते! आता सेकंदाच्या बारीकशा भागात काम होतं. डिजिटल बाईटविंगचा डोस जेमतेम काही मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप), आणि नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला वर्षाला सरासरी २४०० च्या आसपास मिळतात. तरी कारण नसताना काढू नयेच. कीड वारंवार लागते त्यांना ६ ते १२ महिन्यांनी, ज्यांचे दात वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत त्यांना दोन-तीन वर्षांनी चालतो. प्रत्येक व्हिजिटला सरसकट काढत असतील तर कशासाठी ते विचारा, चिडले तर चिडले.