बेटावर जायचंय, पण जमीन कुणाच्या नावावर?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. अकरा वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. तिच्या वडिलांना एक आड एक शनिवार-रविवार आणि निम्मी सुट्टी असा भेटीचा हक्क कोर्टाने दिला आहे. माझं काम संगणकावरचं, कुठूनही करता येणारं. वर्षाला साधारण ४८,००० डॉलर मिळतात. गेल्या वर्षी इंडोनेशियातल्या बाली बेटावर महिनाभर राहून आले आणि तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे : घर विकायचं, सगळं सोडायचं आणि मुलीला घेऊन कायमचं तिकडे जायचं. मला आता इथे श्वास घेता येत नाही. तिथल्या एका दलालाने भातखाचरांना लागून असलेला छोटा बंगला दाखवला. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून ती त्याच्या ओळखीच्या स्थानिक गृहस्थांच्या नावावर घ्यायची आणि मला चार कागद करून द्यायचे, असं ठरतंय. मसुदे सोबत जोडले आहेत. इसार दिला आहे, बाकी रक्कम महिनाअखेरीस द्यायची आहे. आई ७१ वर्षांची, भावाजवळ असते. तिचा खर्च आम्ही दोघं उचलतो. भाऊ म्हणतो, जाण्याआधी मला सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र करून दे. तिथे योगाचे वर्गही घ्यायचा विचार आहे. मी जावं का? कायदा मला कुठे अडवेल?

उत्तर : ताई, तुमचे चारही मसुदे मी दोनदा वाचले. जावं की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तुमच्या पत्रातलं ते श्वासाचं वाक्य मी हलक्यात घेत नाही. पण हे कागद महिनाअखेरीस काय, कधीच सही करण्यासारखे नाहीत. आधी त्यांच्याबद्दलच लिहितो, कारण बाकी सगळ्या चुका पुढे सुधारता येतील, ही येणार नाही.

दुसऱ्या मसुद्याचं चौथं कलम काढून समोर ठेवा. त्याचा आशय असा : ‘जमिनीची संपूर्ण किंमत दुसऱ्या पक्षाने दिलेली असून पहिला पक्ष हा केवळ नावापुरता मालक आहे, हे तो मान्य करतो.’ हे वाचून तुम्हाला धीर आला असेल. पैसे माझे, हे तो लिहून देतोय, मग भीती कसली? नेमकं हेच वाक्य तुमच्या विरोधात जाणारं आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी, ज्याला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं २६ वं कलम पुढे जाऊन सांगतं की परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल आहे, ती जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे उद्या वाद झाला आणि तुम्ही तो कागद कोर्टात ठेवला, तर व्यवहार बेनामी होता याचा लेखी पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात. ठेवला नाहीत, तर सातबाऱ्यासारख्या त्यांच्या जमीन-प्रमाणपत्रावर नाव त्या गृहस्थांचंच आहे. दोन्हीकडून तुमचे हात रिकामे.

बाकीचे कागद या एका कागदाला टेकू देण्यासाठी आहेत. एकात तुम्ही त्या गृहस्थांना कर्ज दिल्याचं दाखवलंय. तसं कर्ज तुम्ही कधी दिलेलंच नाही. दुसऱ्यात रद्द न करता येणारा मुखत्यारनामा आहे, तिसऱ्यात पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा. हे गृहस्थ सज्जन असतीलही, मी त्यांच्यावर संशय घेत नाही. पण ते उद्या वारले तर तुमचा संबंध त्यांच्या वारसांशी येईल. लग्नानंतर मिळवलेली मिळकत तिथे नवरा-बायकोची सामाईक धरली जाते, आणि त्यांच्या पत्नीची सही तुमच्या एकाही मसुद्यावर नाही. ज्या व्यवहाराची सगळी भिस्त एका माणसाच्या आयुष्यावर आणि त्याच्या चांगुलपणावर आहे, त्यात राहतं घर विकून आलेला पैसा घालू नये.

आणखी एक. चारही मसुदे फक्त इंग्रजीत आहेत. इंडोनेशियात २००९ च्या एका कायद्याने स्थानिक पक्षासोबतचा करार इंडोनेशियन भाषेत असणं बंधनकारक केलंय. केवळ इंग्रजीत असल्याच्या मुद्द्यावर तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये एक कर्ज-करार रद्द ठरवला होता आणि तो निकाल वरच्या न्यायालयातही टिकला. नंतर न्यायालयांची भूमिका थोडी सौम्य झाली आहे, तरी कागदात मुद्दाम भोक ठेवून आपण का जावं?

मग बालीत परदेशी माणसाने राहायचंच नाही का? तसं नाही. सरळ मार्ग आहेत. भाडेपट्टा हा त्यातला सगळ्यात साधा, मात्र तो एकटा आणि उघड असला पाहिजे, बेनामी मालकीची शेपटी त्याला नको. दुसरा मार्ग ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. तो ३० वर्षांसाठी मिळतो, पुढे २० आणि नंतर ३० वर्षांची वाढ मिळू शकते. पण त्यासाठी तिथल्या इमिग्रेशनची वैध कागदपत्रं हातात असावी लागतात आणि घराच्या किमान किमतीची अटही असते. कंपनी काढून जमीन घ्यायचा सल्ला दलाल देईल. खरा धंदा करायचा असेल तरच तो विचार करा. भागधारकही नावापुरते उभे करणं २००७ च्या गुंतवणूक कायद्याने बाद ठरवलंय.

भाडेपट्टा करायचा ठरलाच, तर माझा आग्रह आहे की दलालाचा वकील नको, तुमचा स्वतःचा नोटरी हवा. तिकडे नोटरी म्हणजे शिक्का मारणारा माणूस नव्हे. तो सरकारने नेमलेला, दस्त तयार करणारा कायदेतज्ज्ञ असतो. त्याने जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र तपासावं. त्यावर कर्जाचा बोजा आहे का, रस्ता कुणाच्या जमिनीतून येतो, पत्नीची संमती आहे का, हे बघावं. तुमचा बंगला भातखाचरांना लागून आहे म्हणून मला विशेष काळजी वाटते. बालीतल्या शेतीच्या पाटांची ‘सुबक’ नावाची जुनी सामूहिक व्यवस्था २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि बेटावर बरीच जमीन शेतीसाठी राखीव आहे. तिथे घर उभं दिसतंय म्हणून ते परवानगीने बांधलंय असं होत नाही. बांधकाम परवाना, ज्याला २०२१ पासून ‘पीबीजी’ म्हणतात, पाहिल्याशिवाय पुढे सरकू नका. पट्ट्यात ‘मुदतवाढ त्यावेळच्या बाजारभावाने’ असं लिहिलंय, तेही काढायला लावा. त्यातून तुम्हाला फक्त विचारण्याचा हक्क मिळतो. दर कसा काढायचा याचं सूत्र आजच लिहून घ्या. एक गोष्ट तुमच्या बाजूची : जमीन विकली गेली तरी चालू भाडेपट्टा मोडत नाही, हे तत्त्व तिथल्या नागरी कायद्यात आहे. वारसांवरही पट्टा बंधनकारक राहील असं स्पष्ट घाला.

आता व्हिसा. दलाल म्हणतो, पर्यटक म्हणून या आणि दर दोन महिन्यांनी बाहेर जाऊन परत या. आगमनावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो, एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. तो फिरायला आलेल्यांसाठी आहे; त्यावर मुलीची शाळा आणि संसार उभा राहत नाही. मुदत उलटली तर दिवसाला दहा लाख रुपिया (तिथलं चलन) दंड, आणि ६० दिवसांपुढे गेलात तर हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी. परदेशातल्या मालकासाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना एक वर्षाचा वेगळा परवाना आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्नाची अट आहे. तुमचं उत्पन्न १२,००० डॉलरने कमी पडतं. हे आज कळलेलं बरं. पत्राच्या शेवटी तुम्ही तिथे योगाचे वर्ग घेण्याचंही लिहिलंय. परवान्याशिवाय एक वर्गसुद्धा घेऊ नका, मैत्रिणींना फुकट शिकवतानाही जपून. व्हिसाच्या हेतूबाहेर काम केल्यास २०११ च्या इमिग्रेशन कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. एका वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही तिथल्या करदात्या ठरता, आणि इथलं कर-निवासीपण विमानात बसल्याबरोबर आपोआप संपत नाही. दोन्ही देशांत विवरणपत्र भरावं लागेल का, हे निघण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

बेट बदललं की प्रश्न सुटेल असंही समजू नका. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेनेच परदेशी व्यक्तीला जमीन घेता येत नाही. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतूत सगळी जमीन मूळ रहिवाशांच्या परंपरागत मालकीची, बाहेरच्याला ७५ वर्षांपर्यंतचा पट्टा. मॉरिशस ठरावीक प्रकल्पांत घर विकतं आणि ३,७५,००० डॉलरच्या वर निवास परवानाही देतं, पण तो आकडा बघा. ज्या लोकांच्या पायाखाली जमीनच थोडी आहे त्यांनी ती राखून ठेवली, यात मला काही गैर वाटत नाही.

आता तुमच्या लेकीबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ताबा तुमच्याकडे आहे याचा अर्थ तिचं राहतं देश-गाव तुम्ही एकटीने बदलू शकता असा होत नाही. वडिलांचा भेटीचा हक्क कोर्टाच्या आदेशाने आहे. त्यांच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला कायमचं घेऊन गेलात, तर तो आदेशाचा भंग ठरेल आणि त्याची झळ ताब्यालाच लागू शकते. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याविरुद्ध १९८० चा हेग करार आहे, तो सोळा वर्षांखालच्या मुलांना लागू होतो. इंडोनेशिया त्या करारात नाही. काही जण याला पळवाट मानतात. तुमच्यासाठी ती अडचण आहे : मूल तिकडे गेलं की परत आणायची सोपी सोय नाही, हे न्यायाधीशालाही ठाऊक असतं, म्हणून परवानगी देताना तो जास्त बिचकतो. अर्जात नुसतं ‘तिथे वातावरण चांगलं आहे’ लिहून भागणार नाही. शाळा कोणती, आजारी पडली तर दवाखाना कोणता, वडिलांशी रोजचा व्हिडिओ कॉल किती वाजता, सुट्टीतली तिकिटं कोण काढणार, हे सगळं मांडा. आणि अर्जाआधी तिच्या वडिलांशी बोला. त्यांना ही गोष्ट नोटिशीतून कळली तर लढाई पक्की. अकरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश स्वतः विचारू शकतात, तेव्हा तिचं मन काय आहे हे तुम्हाला त्याआधी माहीत असायला हवं. तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच आलं नाही.

भावाच्या मागणीबद्दल. भावावर विश्वास आहे, तो असू द्या. तरी सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र देऊ नका. त्या कागदावर तो तुमचं घर विकू शकतो, कर्ज काढू शकतो, आणि घेणारा माणूस तुम्हाला विचारायला येणार नाही. हवं ते काम नाव घेऊन लिहा : अमुक बँक खातं, अमुक घराचं भाडं वसूल करणं, एवढंच. मुदत घाला, रद्द करण्याचा हक्क राखून ठेवा. तिकडून नवा कागद लागला तर इंडोनेशिया ४ जून २०२२ पासून अपोस्टिल करारात (एका सदस्य देशाचा प्रमाणित कागद दुसऱ्या सदस्य देशात मान्य करण्याचा करार) आहे, तेव्हा ती प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. आईच्या खर्चाची जबाबदारी अंतराने कमी होत नाही. तुमचा वाटा दर महिन्याला बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा आणि रक्कम भावाशी लेखी ठरवा. नंतरची बोलाचाली यानेच टळते. कुणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही तपासा.

मृत्युपत्राचं एकच सांगतो, कारण ही चूक मी वारंवार पाहतो. तिकडच्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र केलंत, तर त्यात ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे छापील वाक्य राहू देऊ नका. त्या एका ओळीने इथलं मृत्युपत्रही जातं.

माझं मत विचारलंत म्हणून देतो. घर विकू नका, भाड्याने द्या. मुलीच्या वडिलांची संमती मिळाली तर एक शैक्षणिक वर्ष तिकडे भाड्याच्या घरात राहा, योग्य परवान्यावर. उत्पन्न अटीत बसेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. पावसाळा तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, तो पूर्ण काढा. तुम्ही महिनाभर राहिलात तेव्हा कुणाची पाहुणी होता; भिंतीला ओल आलेली असताना, मुलगी तापाने फणफणलेली असताना राहणं वेगळं. त्या वर्षानंतरही मन तिथेच असेल तर घर विकायला तेव्हाही गिऱ्हाईक मिळेल.

दलालाला आजच लिहा, फोनवर नाही, ईमेलने : ‘जमीन-प्रमाणपत्राची प्रत, बांधकाम परवाना आणि जागा कोणत्या विभागात मोडते याचा सरकारी दाखला पाठवा. नावापुरत्या मालकीचा व्यवहार मला करायचा नाही. कायदेशीर भाडेपट्टा शक्य असेल तर माझा नोटरी तुमच्याशी बोलेल. अन्यथा इसाराची रक्कम परत करा.’ आठ दिवसांत उत्तर नाही आलं, तर इसार गेला असं समजून चाला. वाईट वाटेल, पण त्याच्यापाठी घराचे पैसे पाठवू नका. मुलीच्या ताब्याच्या आदेशाची पूर्ण प्रत मला पाठवा. त्यात परदेश प्रवासाबद्दल वेगळी अट आहे का ते पाहून अर्जाचा मसुदा कसा असावा हे कळवतो.